मोडेमच्या काळातले संदेशजाळे आज चालते करताना: ठाणे आणि नवी मुंबईतील नवोदितांसाठी मार्गदर्शक

ठाणे, ऐरोली, वाशी किंवा नेरूळ येथे राहणारी आणि बुलेटिन बोर्डांच्या, म्हणजे फोन व मोडेमने जोडून संदेश वाचण्या-लिहिण्यासाठी ठेवलेल्या संगणकांच्या, संदेशजाळ्यात नव्याने उतरू पाहणारी व्यक्ती बहुधा दोन वाटांनी या विषयाकडे येते. कोणाच्या घरी माळ्यावर काकांचा किंवा वडिलांच्या मित्राचा जुना संगणक सापडतो आणि त्यात बंद पडलेल्या बोर्डाचे संदेश जसेच्या तसे पडून असतात. कोणाला मोठ्या कंपन्यांच्या व्यासपीठांवर विसंबून न राहता आपल्या माणसांचे, आपल्या नियमांनी चालणारे संदेशजाळे उभे करायचे असते. हा लेख दोघांसाठीही आहे, आणि त्याचा सारा रोख एका निर्णयावर आहे: अशा जाळ्यात काय बदलावे आणि कशाला हात लावू नये. वाहतूक, अक्षरसंच आणि वाचण्याची साधने बदलावीत. संदेशाच्या पाकिटाची, म्हणजे संदेश ज्या फाइलमध्ये बांधून पाठवतात तिची, मूळ रचना मात्र तशीच ठेवावी, कारण पलीकडच्या टोकाला कोणीतरी तीस वर्षांपूर्वीचे सॉफ्टवेअर अजून प्रेमाने चालवत असतो आणि आपल्या सुधारणेमुळे तो जाळ्याबाहेर पडला, तर त्या सुधारणेला अर्थ उरत नाही.

आधी जाळ्याची ओळख

पहिला बुलेटिन बोर्ड वॉर्ड क्रिस्टेन्सन आणि रँडी स्यूस यांनी शिकागो येथे सुरू केला आणि १६ फेब्रुवारी १९७८ रोजी तो लोकांसाठी खुला झाला. त्या काळी प्रत्येक बोर्ड हे स्वतंत्र बेट होते. त्यावरचा संदेश वाचायचा, तर त्याच बोर्डाला फोन लावावा लागे. १९८४ मध्ये टॉम जेनिंग्स यांनी आपल्या फिडो या बोर्डाला रात्रीच्या स्वस्त दराच्या वेळेत दुसऱ्या बोर्डाला स्वतःहून फोन करून टपाल पोहोचवण्याची सोय दिली आणि त्यातून फिडोनेट उभे राहिले. पुढे जेफ रश यांच्या इकोमेल या कल्पनेमुळे एका बोर्डावर लिहिलेला जाहीर संदेश साखळीतील सर्व बोर्डांवर उमटू लागला. १९९० च्या दशकाच्या मध्यास फिडोनेटच्या यादीत सुमारे ४०,००० नोड, म्हणजे जाळ्याशी जोडलेले बोर्ड, होते. भारतात विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले करण्यापूर्वी हौशी लोकांना दूरच्या माणसाशी संगणकावरून बोलण्याचे जे थोडे मार्ग होते, त्यांत हे बोर्ड होते.

या जाळ्याचे चार भाग नीट वेगळे ओळखता आले पाहिजेत, कारण पुढची प्रत्येक पायरी त्यांपैकी एका भागाविषयी आहे. मेलर दोन नोडांमध्ये फायली पोहोचवतो. टॉसर आलेली पाकिटे फोडून त्यांतील संदेश योग्य त्या विभागात टाकतो आणि नव्या संदेशांची पाकिटे बांधतो. संदेशसाठा म्हणजे ते संदेश डिस्कवर ज्या स्वरूपात राहतात ते स्वरूप. जॅम आणि स्क्विश ही त्यांतली दोन प्रचलित नावे. चौथा भाग वाचकाचा, म्हणजे संदेश वाचण्या-लिहिण्याचा कार्यक्रम. नोडचा पत्ता झोन (जाळ्याचा मोठा विभाग), नेट (त्यातला गट), नोड आणि गरज असल्यास पॉइंट (नोडमार्फत जोडलेला सदस्य) अशा क्रमाने लिहितात. ३:७७०/१ या पत्त्यात ३ हा झोन, ७७० हे नेट आणि १ हा नोड. आशियासाठी पूर्वी सहावा झोन होता. तो जुलै २००७ मध्ये बंद होऊन त्यातले उरलेले नोड तिसऱ्या झोनमध्ये गेले. त्यामुळे माळ्यावरच्या संगणकात ६ ने सुरू होणारा पत्ता दिसला, तर तो आज कोठेही पोहोचणार नाही, एवढे ध्यानात असावे.

पहिली पायरी: हात लावण्यापूर्वी प्रत

जुना संगणक सापडला, तर उत्साहाच्या भरात तो सुरू करू नये. आपल्याकडच्या खाडीकाठच्या दमट हवेत फ्लॉपींवर बुरशी धरते आणि अशी फ्लॉपी थेट वाचायला घेतली, तर ती स्वतः तर खरवडली जातेच, शिवाय वाचणाऱ्या यंत्राचे डोकेही खराब होऊन पुढची चांगली फ्लॉपीसुद्धा बिघडते. जुनी हार्ड डिस्क बाहेर काढून आयडीई ते यूएसबी जोडणीने दुसऱ्या संगणकाला लावावी आणि डीडीरेस्क्यूसारख्या साधनाने संपूर्ण डिस्कची प्रतिमा घ्यावी. हा कार्यक्रम आधी सहज वाचता येणारा भाग उतरवतो आणि खराब भागांकडे नंतर वळतो, म्हणून मरणपंथाला लागलेल्या डिस्कसाठी तो योग्य आहे. फ्लॉपींसाठी ग्रीझवीझल हे छोटे उपकरण चुंबकीय नोंद जशी आहे तशी उतरवून घेते. ही जोडणीची साधने लॅमिंग्टन रोडवर चौकशी केली तर मिळण्यासारखी आहेत. घेतलेल्या प्रतिमेची शा-२५६ बेरीज (प्रत पुढे बदलली का हे ओळखण्याचा आकडा) काढून लिहून ठेवावी, एक प्रत दुसऱ्या घरी ठेवावी आणि यापुढचे सर्व काम प्रतीच्या प्रतीवर करावे.

जुन्या बोर्डाच्या सदस्यांच्या फाइलमध्ये माणसांची खरी नावे, घरचे दूरध्वनी क्रमांक आणि पुष्कळदा उघडे पासवर्ड असतात. ही फाइल नव्या यंत्रणेत आणू नये. नेटमेल, म्हणजे व्यक्तीव्यक्तींमधला पत्रव्यवहारही, ज्यांचा आहे त्यांच्या अनुमतीशिवाय कोणाला दाखवू नये. जाहीर इकोमेल संदेशांचा साठा जपणे हे मोलाचे काम आहे आणि ते अवश्य करावे, परंतु ज्याने तीस वर्षांपूर्वी शंभर माणसांसाठी काही लिहिले होते, त्याने ते साऱ्या जगासाठी लिहिले होते असे आपण परस्पर ठरवू शकत नाही.

दुसरी पायरी: कोणत्या जाळ्यात राहायचे

येथे तीन पर्याय आहेत. फिडोनेट आजही चालू आहे. त्याच्या नोडांची यादी अद्याप प्रसिद्ध होते, जरी तिचा आकार पूर्वीच्या मानाने फारच लहान झाला असला तरी. दुसरा पर्याय त्याच तंत्रावर चालणाऱ्या हौशी जाळ्यांचा. न्यूझीलंडमधून चालणारे, एकविसाव्या झोनचे एफएसएक्सनेट हे त्यांपैकी एक असून नवोदितांना तेथे प्रवेश सोपा आहे. तिसरा पर्याय स्वतःचे स्थानिक जाळे उभारण्याचा. माझे मत असे की नवोदिताने आधी दुसरा पर्याय घ्यावा, त्यात हात बसवावा आणि मग तिसऱ्याकडे वळावे, कारण चालत्या जाळ्यात काही बिघडले तर सांगणारा कोणीतरी असतो, तर स्वतःच्या जाळ्यात बिघाड आणि अज्ञान दोन्ही आपलेच असतात.

स्थानिक जाळ्यासाठी झोनचा आकडा निवडताना १ ते ६ हे आकडे वगळावेत, इतर जाळ्यांनी घेतलेले आकडे तपासावेत आणि ४०९५ च्या वर जाऊ नये, कारण बाहेर जाणाऱ्या टपालाची बिंकलीपद्धतीची (बिंकली या जुन्या मेलरने रूढ केलेली) निर्देशिका झोनचा आकडा षोडशमान (० ते ९ आणि ए ते एफ अशा सोळा अंकांच्या) पद्धतीच्या तीन अंकांत लिहिते. समजा, ठाण्यात नौपाड्याला हब, म्हणजे इतरांना टपाल वाटणारा मध्यवर्ती नोड, आहे आणि वाशी, नेरूळ व ऐरोली येथे एकेक नोड आहे. मग तिन्ही नोडांनी फक्त हबशी जोडून घ्यावे. वाशीने हबशीही आणि नेरूळशीही तोच विभाग जोडला, तर वर्तुळ तयार होते आणि एकच संदेश दोन वाटांनी फिरू लागतो. संदेशाखालच्या सीन-बाय (संदेश कोणाकडे पोहोचला) आणि पाथ (तो कोणत्या वाटेने आला) या ओळी अशी पुनरावृत्ती काही प्रमाणात अडवतात, पण जाळ्याची मांडणी झाडासारखी ठेवणे हाच खरा उपाय आहे.

तिसरी पायरी: फोनऐवजी इंटरनेट

आधुनिकीकरणाचा सर्वांत सोपा आणि सर्वांत लाभाचा भाग हाच आहे. मोडेमच्या जागी बिंकपी हा संवादनियम वापरावा. त्याचे बंदर (पोर्ट) २४५५४ हे ठरलेले आहे आणि बिंकडी हा छोटा मेलर लिनक्स, विंडोज आणि इतर अनेक प्रणालींवर चालतो. त्याच्या मांडणीच्या फाइलमध्ये आपला पत्ता, बोर्डाचे नाव, गाव, सिसॉपचे (बोर्ड चालवणाऱ्याचे) नाव, येणाऱ्या व जाणाऱ्या टपालाच्या निर्देशिका आणि प्रत्येक जोडीदार नोडसाठी एक ओळ, एवढेच लिहावे लागते. त्या ओळीत क्रॅम-एमडी५ (पासवर्ड न पाठवता ओळख पटवण्याची पद्धत) सक्तीचे करण्याची सोय आहे. ती चालू ठेवावी, म्हणजे पासवर्ड तारेवरून उघडा जात नाही.

घरच्या जोडणीत एक अडचण हमखास येते. आपल्या संकुलांत येणाऱ्या पुष्कळशा ब्रॉडबँड जोडण्यांना स्वतःचा सार्वजनिक आयपी पत्ता नसतो. अनेक ग्राहक एकाच पत्त्यामागे असतात आणि त्यामुळे बाहेरचा नोड आपल्याला हाक मारू शकत नाही. यावर तीन उपाय आहेत. वरच्या नोडकडे आपणच दर अर्ध्या तासाने जाऊन टपाल घ्यावे आणि द्यावे, हा सर्वांत साधा उपाय; क्रॉनमधील (ठरल्या वेळी आज्ञा चालवणाऱ्या लिनक्सच्या सोयीतील) एका ओळीने तो होतो आणि नवोदितासाठी तो पुरेसा आहे. जोडणीला आयपीव्ही६ पत्ता असेल, तर त्यावरून थेट संपर्क करता येतो. आणि हब चालवायचा असेल, तर भाड्याचा लहान सर्व्हर घ्यावा. ऐरोली-महापे पट्ट्यात मोठमोठी डेटा सेंटर उभी असली, तरी आपल्या कामासाठी सर्व्हर कोठे आहे याने काहीही फरक पडत नाही. दिवसाकाठी काही किलोबाइट टपाल जगाच्या कोणत्याही कोपऱ्यातून सेकंदात येते.

नोड घरीच रास्पबेरी पायवर ठेवणार असाल, तर संदेशसाठा मेमरी कार्डावर न ठेवता लहान एसएसडीवर ठेवावा. पावसाळ्यात महावितरणची वीज अचानक गेली की कार्ड बिघडण्याची भीती असते, आणि आणखी एक सूक्ष्म प्रश्न उभा राहतो: बिंकडी एखाद्या नोडशी बोलत असताना त्या नोडच्या नावे एक कुलूप-फाइल तयार करतो आणि वीज गेली तर ती तशीच राहते. वीज परत आल्यावर यंत्रणा वरवर नीट चालू दिसते, परंतु त्या एका नोडचे टपाल हलत नाही. जुनी कुलपे ठरावीक तासांनंतर आपोआप काढण्याची सेटिंग मेलरमध्ये असते. ती अवश्य लावावी.

मूळ मोडेम आणि जुने यंत्र चालते ठेवण्याची ज्यांना हौस आहे, त्यांनी ती जरूर पुरवावी. टीसीपीसर हा कार्यक्रम जुन्या यंत्राला आपण मोडेमशीच बोलत आहोत असे भासवतो, तर डॉसमधले जुने टॉसर डॉसबॉक्समध्ये चालतात.

चौथी पायरी: टॉसर आणि साठ्याचे स्थलांतर

टॉसरसाठी हस्की प्रकल्पातील एचपीटी, किंवा सर्व भाग एकत्र देणारी सिंक्रोनेट वा मिस्टिक ही बोर्ड-सॉफ्टवेअरे निवडता येतात. ज्याला प्रत्येक भाग समजून घ्यायचा आहे त्याने बिंकडी आणि एचपीटी वेगवेगळे बसवावेत. ज्याला लवकर चालते जाळे पाहायचे आहे त्याने सिंक्रोनेट घ्यावे. दोन्ही मार्ग प्रतिष्ठित आहेत.

स्थलांतरात एक धोका असा आहे की तो सर्वांना आधीच सांगितला पाहिजे. जुन्या साठ्यातील प्रत्येक संदेशावर, किंवा विभागासाठी एकत्र, «हा पाठवून झाला» अशी खूण असते. साठा एका स्वरूपातून दुसऱ्यात नेताना ही खूण गळली, तर नवा टॉसर पहिल्याच फेरीत सगळे जुने संदेश नवे समजून साऱ्या जाळ्यावर पाठवून देतो आणि १९९४ चे वाद जगभरच्या नोडांवर नव्याने उगवतात. म्हणून स्थलांतर करताना सर्व जोडण्या मांडणीतून काढून ठेवाव्यात, टॉसर कोरडा चालवून पाहावा, बाहेर जाणाऱ्या निर्देशिकेत एकही पाकीट तयार झाले नाही याची खात्री करावी आणि त्यानंतरच पहिली जोडणी परत लावावी. जुना साठा केवळ वाचण्यासाठी हवा असेल, तर तो जाळ्याशी न जोडलेल्या वेगळ्या स्थानिक विभागांत ठेवणे अधिक शहाणपणाचे.

पुनरावृत्ती ओळखण्याचे काम मुख्यतः एमएसजीआयडी या लपलेल्या ओळीवर चालते. तिच्यात पाठवणाऱ्याचा पत्ता आणि आठ षोडशमान अंकांचा क्रमांक असतो. प्रमाणानुसार एकाच नोडने तोच क्रमांक तीन वर्षांत पुन्हा वापरायचा नाही. आपण संदेश वेबवर किंवा अन्य जाळ्यात नेणारा पूल बांधणार असाल, तर ही ओळ जशीच्या तशी पलीकडे जाऊन तशीच परत आली पाहिजे, हा पुलाचा पहिला नियम मानावा.

लिनक्सवर येणाऱ्यांसाठी एक किरकोळ पण डोके फिरवणारी बाब: डॉसमध्ये फाइलच्या नावातील मोठी-लहान रोमन अक्षरे सारखीच मानली जात, लिनक्समध्ये ती वेगळी असतात. टपाल आले आहे पण टॉसरला ते दिसत नाही, अशी तक्रार असेल तर प्रथम हेच पाहावे. संदेशाच्या शीर्षकातील तारखेत वर्ष दोनच अंकी असते आणि वेळ पाठवणाऱ्याच्या घड्याळाची असते. म्हणून टीझेडयूटीसी ही, जागतिक वेळेपासूनचा फरक सांगणारी, ओळ चालू करून तीत ०५३० असे, अधिकचे चिन्ह न लावता, लिहावे, म्हणजे ठाण्याचे उत्तर ऑकलंडच्या प्रश्नाच्या आधी आल्यासारखे दिसणार नाही.

पाचवी पायरी: मराठी अक्षरे

ही पायरी मी सर्वांत विस्ताराने सांगत आहे, कारण परदेशी मार्गदर्शिकांत ती सापडत नाही आणि आपले जाळे मराठीत चालायचे की नाही, हे येथेच ठरते.

मूळ प्रमाणात संदेशाचा मजकूर म्हणजे बाइटांची माळ असते आणि तो कोणत्या अक्षरसंचात आहे हे सीएचआरएस या लपलेल्या ओळीत सांगतात. तेथे यूटीएफ-८ (युनिकोड अक्षरे बाइटांत लिहिण्याची पद्धत) आणि त्यापुढे ४ हा आकडा लिहावा. मात्र ही ओळ लिहिणे म्हणजे काम झाले असे नव्हे. फिडोनेटच्या पहिल्या तांत्रिक प्रमाणात असे म्हटले आहे की षोडशमान ८डी हा बाइट म्हणजे आधीच्या कार्यक्रमाने आपोआप मोडलेली ओळ, आणि तो दुर्लक्षित करावा. इंग्रजी मजकुरात या नियमाने कोणाचे काही बिघडत नाही. आता यूटीएफ-८ मधील आपले हलन्त चिन्ह पाहावे: त्याचे तीन बाइट ई०, ए५ आणि ८डी असे आहेत. याचा अर्थ, जुने सॉफ्टवेअर प्रमाणाचे निष्ठेने पालन करते तेव्हा ते प्रत्येक हलन्ताचा तिसरा बाइट काढून टाकते, आणि मराठीतले प्रत्येक जोडाक्षर मोडते. «रस्ता», «मुख्य», «विद्यार्थी», «ज्ञानेश्वरी» यांपैकी एकही शब्द धड पोहोचत नाही, तर «पाऊस», «घर», «गाडी» हे शब्द सुखरूप पोहोचतात. काही शब्द नीट आणि काही मोडलेले दिसले की नवोदित फॉन्टला दोष देत बसतो. दोष फॉन्टचा नसतो. अक्षराचे अर्धे रूप दाखवण्यासाठी काही कळफलक जे अदृश्य जोडचिन्ह घालतात, त्याचे बाइट ई२, ८० आणि ८डी असल्यामुळे त्याचीही तीच गत होते.

असे दुखणे आपल्याआधी रशियनांनी सोसले आहे. त्यांच्या ८६६ क्रमांकाच्या अक्षरसंचात मोठा «न» नेमका ८डी या जागी बसला होता, म्हणून फिडोनेटवरचे रशियन लोक त्याच्याऐवजी दिसायला सारखे असलेले रोमन अक्षर वापरत. आपल्याला तशी पळवाट नाही, कारण हलन्ताशिवाय मराठी लिहिता येत नाही.

उपाय असा करावा. प्रथम आपल्या नोडवर जोडाक्षरांनी भरलेला एक परीक्षा-संदेश लिहावा. «मुख्य रस्त्यावरील विद्युत्पुरवठा सुरळीत झाल्याचे वृत्त प्राप्त झाले» हे वाक्य चांगले काम देते. तो परीक्षेसाठीच्या विभागात टाकून पलीकडच्या नोडवर पोहोचल्यानंतर तेथील सिसॉपकडून मूळ बाइट षोडशमान स्वरूपात मागवावेत. केवळ पडद्याचे छायाचित्र मागवू नये, कारण वाचणारा कार्यक्रम दाखवताना बाइट गाळतो की वाटेतला टॉसर तो खरोखरच नष्ट करतो, हे छायाचित्रावरून कळत नाही. नुसते पुढे पाठवणारे टॉसर सहसा मजकुराला हात लावत नाहीत. गाळण्याचे काम बहुधा वाचक-कार्यक्रमांत आणि पुलांवर होते. गोल्डेड प्लससारख्या वाचक-कार्यक्रमात या बाइटाचे काय करावे याची स्वतंत्र सेटिंग आहे. वाटेतला एखादा नोडच दोषी असेल, तर पाथ ओळीवरून तो शोधावा, त्याच्या सिसॉपला नम्रपणे कळवावे आणि बदल शक्य नसेल तर त्याला वळसा घालून जोडणी घ्यावी.

ज्यांना थोडे प्रोग्रॅमिंग येते त्यांच्यासाठी दिलासा असा की हे नुकसान भरून काढता येते. गाळला जाणारा बाइट एकच असल्यामुळे, ई० आणि ए५ यांच्या पाठोपाठ तिसरा बाइट येण्याऐवजी थेट पुढचे अक्षर सुरू झाले, तर गेलेला बाइट ८डी होता हे निश्चित असते. येणाऱ्या टपालावर असा लहानसा दुरुस्तीचा कार्यक्रम चालवला, तर मोडलेली जोडाक्षरे पुन्हा जुळतात. ठाणे-नवी मुंबईच्या जाळ्यासाठी कोणी एकच साधन लिहिणार असेल, तर त्याने हे लिहावे.

दुसरी मर्यादा जागेची आहे. पाकिटातील नावासाठी ३६ आणि विषयासाठी ७२ बाइट राखलेले असतात, आणि त्यांतला एक शेवटच्या शून्याचा. देवनागरीतले प्रत्येक चिन्ह, मग ते अक्षर असो, मात्रा असो वा हलन्त, तीन बाइट घेते. «ठाणे स्थानकातील पादचारी पूल» हा साधा विषय मोजून पाहावा: चोवीस चिन्हांचे ७२ बाइट आणि तीन रिकाम्या जागांचे तीन, म्हणजे एकूण ७५. उपलब्ध जागा ७१ बाइटांची असल्यामुळे शेवटचा «ल» पूर्ण जातो आणि त्याआधीचा उकार मध्येच तुटून विषयाच्या शेवटी एक विद्रूप खूण उरते. म्हणून विषय वीस चिन्हांच्या आत ठेवावा. «स्थानकातील पूल» एवढे पुरते. नावाच्या रकान्यात तर पस्तीस बाइटांत अकराच चिन्हे मावतात, तेव्हा तेथे नाव रोमन लिपीत लिहावे आणि संदेशाखाली सही देवनागरीत करावी. ही तडजोड मलाही आवडत नाही, पण पाकिटाची रचना बदलून इतर सर्वांचे सॉफ्टवेअर मोडण्यापेक्षा ती बरी.

जुन्या साठ्यात मराठी मजकूर असेल, तर तो बहुधा रोमन लिपीत लिहिलेला सापडेल. तो तसाच ठेवावा, देवनागरीत करण्याच्या फंदात पडू नये. क्वचित सी-डॅकच्या जिस्ट कार्डावर (संगणकात भारतीय लिप्यांसाठी बसवायच्या कार्डावर) लिहिलेला, इस्की या युनिकोडपूर्व भारतीय अक्षरसंचातला मजकूर हाती लागेल. इस्कीमधली देवनागरी ए१ पासून पुढे असल्यामुळे ८डीचा प्रश्न त्याला नाही. तो युनिकोडमध्ये आणता येतो, मात्र मूळ बाइट शेजारी जपून ठेवावेत.

सहावी पायरी: वाचकासाठी खिडक्या

जुन्या बोर्डाचा काळा पडदा आणि रंगीत चौकटी यांची मोहिनी खरी आहे आणि सिंकटर्मसारख्या कार्यक्रमातून ती आजही अनुभवता येते. परंतु तो पडदा एकसारख्या रुंदीच्या घरांचा बनलेला असल्यामुळे त्यात मराठी जोडाक्षरे आणि वेलांट्या नीट बसत नाहीत. शिवाय जुने संपादक ७९ बाइटांवर ओळ तोडतात, म्हणजे सव्वीसाव्या चिन्हानंतर अक्षराच्या मधोमध. मराठीसाठी तो आग्रह सोडावा. संदेशसाठ्यावर एनएनटीपी (चर्चागटांचे संदेश वाचण्या-लिहिण्याचा संवादनियम) सेवा बसवावी, म्हणजे थंडरबर्डसारख्या कार्यक्रमातून सदस्य सुबक मराठीत वाचू-लिहू शकतात. सिंक्रोनेटमध्ये ही सेवा तयारच मिळते आणि जॅम साठ्यासाठी जॅमएनएनटीपीडी आहे. ज्यांना ठाणे ते सीएसएमटी प्रवासात गर्दीत उभ्याने वाचायचे असते, त्यांच्यासाठी मोबाइलवर उघडणारे वेबपान लागेल. मात्र खिडकी कोणतीही असो, आतला साठा एकच ठेवावा.

सातवी पायरी: सुरक्षितता आणि वर्तन

टेलनेटचे, म्हणजे दूरच्या संगणकावर उघड्या मजकुराने शिरण्याच्या जुन्या पद्धतीचे, २३ हे बंदर उघडले की काही मिनिटांत अनोळखी यंत्रे पासवर्ड घोकत दारात उभी राहतात. २०१६ मध्ये मिराई या उपद्रवी कार्यक्रमाने याच दाराने घरगुती उपकरणे ताब्यात घेतली होती. म्हणून एसएसएच (त्याच कामाची कूटबद्ध पद्धत) द्यावे, टेलनेट द्यायचेच असेल तर ते दुसऱ्या बंदरावर आणि कोणत्याही अधिकाराशिवायच्या वेगळ्या खात्याखाली द्यावे. पाकिटाचा पासवर्ड आठच अक्षरांचा आणि उघडा असतो, तेव्हा तो इतरत्र कोठेही वापरलेला नसावा. स्थानिक नोडांमध्ये वायरगार्डचा बोगदा (कूटबद्ध खासगी जोडणी) घालता आला, तर बिंकपीची वाहतूक त्यातून न्यावी. फिडोनेटमध्ये एक बंधन लक्षात ठेवावे: वाटेतल्या नोडच्या संमतीशिवाय त्यांच्यामार्फत कूटबद्ध पत्रे पाठवणे तेथील धोरणात बसत नाही. नेटमेल वाटेतले सिसॉप वाचू शकतात, हे सदस्यांना पहिल्या दिवशीच स्पष्ट सांगावे.

वर्तनाबद्दल फिडोनेटच्या १९८९ सालच्या ४.०७ या धोरणाचे सार आजही पुरेसे आहे: दुसऱ्याला अति त्रास देऊ नये आणि स्वतः फार चटकन त्रासू नये. त्यापलीकडे, इतरांचा मजकूर आपण ठेवत आणि पुढे पाठवत असल्यामुळे माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० मधील मध्यस्थांविषयीचे कलम ७९ वाचून घ्यावे, नियम मराठीत लिहून सर्वांना दाखवावेत आणि तक्रार कोणाकडे करायची ते ठळकपणे सांगावे.

आठवी पायरी: चालू ठेवणे

जाळे उभारण्यापेक्षा ते पाच वर्षांनी चालू असणे अधिक कठीण आहे. प्रत्येक नोडसाठी दुसरा जाणता माणूस असावा. पासवर्ड, मांडणीच्या फाइल आणि टॉसरच्या आज्ञा यांची मराठीत लिहिलेली वही त्याच्याजवळ असावी आणि महिन्यातून एकदा साठ्याची प्रत प्रत्यक्ष दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहावी, कारण न उघडलेली प्रत म्हणजे प्रत आहे असे मानता येत नाही. तिसऱ्या झोनची ठरलेली टपाल-वेळ आपल्या घड्याळाने रात्री साडेअकरा ते साडेबारा अशी येते; हल्ली बहुतेक नोड चोवीस तास जागे असले, तरी देखभालीचे काम त्या तासात काढू नये.

गणपतीला गावी जाताना घरचा नोड बंद ठेवणार असाल, तर वरच्या नोडच्या सिसॉपला आधी कळवून आपले टपाल राखून ठेवायला सांगावे. नोडांच्या यादीत त्यासाठी «होल्ड» ही खूण आहे. परत आल्यावर प्रथम जुनी कुलपे काढावीत, मग साचलेले टपाल आणावे, ते पूर्ण फोडून होऊ द्यावे आणि त्यानंतरच आपले नवे संदेश बाहेर पाठवावेत, म्हणजे आठवडाभराच्या चर्चेत ज्याचे उत्तर आधीच येऊन गेले आहे तो प्रश्न आपण पुन्हा विचारणार नाही.